घोड्याचे गणित

वाचकहो, दारी आलेला नंदीबैल आपण पाहिला असेल. मालक ढोल घुमवतो, "यंदा पाऊस पडेल का?" असे विचारतो, आणि बैल झोकात मान डोलावतो. बैलाला पावसातले काही कळत नाही, हे घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक असते. खूण मालकाची, मान बैलाची! पण समजा, आपण खूण करतो आहोत हे खुद्द मालकालाच ठाऊक नसेल, तर? १९०४ साली बर्लिन शहरात हाच पेच उभा राहिला, आणि तो सोडवताना मानसशास्त्र एक मोठा धडा शिकले.

विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाचे एक निवृत्त शिक्षक तेथे राहत असत. जनावरांना माणसासारखीच बुद्धी असते, फक्त त्यांना शिकवणारा कोणी भेटत नाही, असा त्यांचा ठाम विश्वास. त्यांनी हान्स नावाच्या घोड्याला शाळकरी मुलासारखे काही वर्षे शिकवले. फळा, अंकांच्या पाट्या, बरोबर उत्तराला गाजर नाही तर साखरेचा खडा. हान्स बेरीज-वजाबाकी करू लागला, अपूर्णांक सोडवू लागला. उत्तर असेल तितक्या टापा तो मारी. ओस्टेन या खेळाचा एक पैसाही घेत नसत. लबाडी म्हणावी, तर ती कशासाठी?

सप्टेंबर १९०४ मध्ये एक समिती बसली. बर्लिन विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ कार्ल श्टुंफ तिच्यात प्रमुख होते. सर्कशीचा व्यवस्थापक आणि प्राणिसंग्रहालयाचे जाणकारही होते. त्यांनी निर्वाळा दिला की, येथे ठाऊक असलेली कोणतीही हातचलाखी दिसत नाही. मालक जवळ नसतानाही घोडा परक्या माणसाला उत्तरे देई. मग काय, लोकांनी ठरवूनच टाकले की घोडा विचार करतो!

श्टुंफ मात्र तेथे थांबले नाहीत. पुढचे काम त्यांनी आपले सहकारी ओस्कार फुंग्स्ट यांच्याकडे सोपवले. फुंग्स्ट यांनी केले काय, तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकीच्या तशाच ठेवायच्या. बघ्यांचा उपद्रव नको म्हणून तंबू ठोकला. कधी मालक प्रश्न विचारी, कधी दुसराच कोणी. कधी घोड्याच्या डोळ्यांना मोठी झापडे लावली. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कधी विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक असे, कधी मुद्दाम नसे. एकाने घोड्याच्या कानात एक आकडा सांगावा, दुसऱ्याने दुसरा, आणि बेरीज कोणालाच ठाऊक नसावी.

तेव्हा हान्सचे गणित पार कोसळले. माणसाला उत्तर ठाऊक नसले की घोड्यालाही ते येईना. विचारणारा दिसेनासा झाला, तरी तीच गत. म्हणजे घोडा आकडे वाचत नव्हता, माणूस वाचत होता! प्रश्न विचारताच माणूस किंचित पुढे वाकतो, की टापा सुरू. मोजणी उत्तरापाशी आली की त्याचा ताण सुटतो, डोके जरासे वर जाते, की टापा बंद. ही हालचाल जेमतेम एखाद्या मिलिमीटरची.

फुंग्स्ट यांनी मग प्रयोगशाळेत स्वतःच घोड्याची भूमिका घेतली. समोरच्याने मनात आकडा धरायचा, यांनी हाताने टकटक करायची. पंचवीस जणांपैकी दोघे सोडले, तर बाकी सगळ्यांच्या डोक्याने नकळत खूण केली.

याचे मोल कळायला त्या काळात डोकावले पाहिजे. १८७९ मध्ये व्हुंट यांनी लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली. आपल्याच अनुभवाकडे आत वळून पाहायचे आणि सांगायचे, या आत्मनिरीक्षणाला तेथे मानाचे स्थान होते. ओस्टेन यांनी कितीही आत पाहिले असते, तरी ती खूण त्यांना सापडली नसती. ती बाहेरून पाहणाऱ्यालाच दिसली. पुढे १९१३ मध्ये अमेरिकेत वॉटसन यांनी वर्तनवादाचा पुकारा केला: मनातले राहू द्या, दिसते ते वर्तन मोजा. याच वॉटसननी फुंग्स्टच्या पुस्तकाचे परीक्षण १९०८ मध्ये लिहिले होते. उलट श्टुंफ यांच्याच हाताखाली शिकलेले कोफ्का आणि कोलर समष्टिवादाकडे वळले; सुटे तुकडे मोजून मन कळत नाही, असे त्यांचे म्हणणे. वाटा वेगळ्या झाल्या. पण प्रयोग करणाराच निष्कर्षात मिसळत असेल तर काय, हा प्रश्न कोणत्याच वाटेवर चुकला नाही.

१९६३ मध्ये रोझेंथाल आणि फोड यांनी विद्यार्थ्यांना साधेच उंदीर दिले. काहींना सांगितले, हे हुशार वाणाचे. काहींना सांगितले, हे मंद वाणाचे. 'हुशार' म्हटलेले उंदीर भुलभुलैयात खरोखरच सरस ठरले! म्हणूनच औषधाची कसोटी घेताना खरे औषध कोणाला आणि नुसती साखरेची गोळी कोणाला, हे शक्य तेथे रोग्याला कळू देत नाहीत आणि डॉक्टरलाही.

ओस्टेन यांना हा निकाल फार लागला. ते घोड्यावरच रागावले, आणि १९०९ मध्ये वारले. त्यांनी कोणाला फसवले नव्हते. प्रामाणिकपणा पुरत नाही, एवढेच त्यात दिसले. आणि हान्सलाही मूर्ख कसे म्हणावे? तेरा जाणत्यांच्या समितीला जे दिसले नाही, ते त्याला रोज दिसत होते.

आता एक करून पाहा. घरातल्या मुलाला पाढा विचारा. उत्तर देताना ते अडखळले, की पाटीकडे पाहते की तुमच्या तोंडाकडे? तोंडाकडे पाहत असेल, तर क्षणभर पाठ फिरवा आणि मग ऐका. त्याला खरोखर किती येते ते तेव्हा कळेल. आणि आपण नकळत किती सांगत होतो, तेही.