विजेचा फळा

फळ्याशीं माझा संबंध सारा जन्म आला. पण आज बोलावयाचें आहे तें खडूच्या फळ्याविषयीं नव्हे. घरांत शिरलेली वीज जेथून खोल्याखोल्यांना वांटली जाते, त्या दाराआडच्या फळ्याविषयीं.

१८८२ सालीं न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरून एडिसननें घरांना वीज पुरविण्यास आरंभ केला, तेव्हांच एक गोष्ट ध्यानीं आली होती. भार वाढला कीं तारा तापतात, आणि घर पेटतें. म्हणून प्रवाहाच्या वाटेंत मुद्दाम एक अशक्त तार ठेवूं लागले. तिनें आधीं वितळावें, वाट तुटावी, घर वांचावें.

मुंबईस १९१५ सालीं खोपोलीहून टाटांची जलवीज पोंचली. आम्हां लाखांदूरकरांचे कंदील त्यानंतरही कित्येक वर्षें जळत होते. माझ्या लहानपणीं घरीं वीज आली, तेव्हांचा तो सागवानी फळा मला आठवतो. त्यावर चिनी मातीचे पांढरे फ्यूज. लोक त्यांना किटकॅट म्हणत. फ्यूज उडाला कीं वडील कंदील लावीत, मेन स्विच बंद करीत आणि बारीक तार गुंडाळीत. ती नेहमीं एकेरीच असे.

मी मात्र, मास्तर झाल्यावर, शाळेंतला फ्यूज वारंवार उडतो म्हणून तिहेरी तार घातली. दोन दिवसांनीं फ्यूज शाबूत राहिला आणि छताखालची वायर पेटली. वर्ग रिकामा होता, एवढेंच.

मॅनहाइमच्या ह्यूगो श्टोट्स यांच्या कारखान्यानें १९२४ सालीं आपोआप पडणारा खटका काढला. आजची एमसीबी त्याचीच वंशज. भार वाढला तर तींतील दोन धातूंची पट्टी तापून वांकते. तारा एकमेकींस भिडल्या तर चुंबक क्षणार्धांत खटका पाडतो. तार गुंडाळण्याची सोयच उरली नाहीं. तरी आम्ही हिकमती! १६ अँपिअरचा खटका पडतो म्हणून तेथें ३२ चा बसविणारे भेटतातच. शिवाय ही एमसीबी वायरींची राखण करते, माणसाची नव्हे. त्यासाठीं आरसीसीबी लागते. जाणाऱ्या व परतणाऱ्या प्रवाहांत ३० मिलीअँपिअरांचा फरक पडतांच ती वीज तोडते. पुष्कळ घरांत ती नसतेच.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयांत नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून १० अर्भकें गेलीं. चौकशींत विजेच्या उपकरणांतील ठिणगी हें कारण सांगण्यांत आलें. बातमी ऐकून मीं घरचा फळा उघडला. स्वयंपाकघराच्या बारीक वायरीवर ३२ चा खटका होता. वायरमनास त्याच दिवशीं बोलावून घेतलें.