आईचं सोसणं आणि लेकीचं वागणं

थेरगावात डांगे चौकाच्या आसपास साठी ओलांडलेल्या अशा बायका भेटतात, ज्यांनी १९७२ च्या दुष्काळात लहान वयात रस्त्याच्या कामावर खडी फोडली. मदतीची सुकडी, तांबडी मिलो ज्वारी, पाण्यासाठीची रांग. विचारलं तर “सगळ्यांचंच तसं होतं” म्हणून त्या विषय मोडतात. पण भाकरीचा तुकडा टाकू देत नाहीत. चाकणला कंपनीत नोकरी करणारी लेकही डबा बोटानं निपटून खाते. दुष्काळ तिनं पाहिलेला नाही. मग तो तिच्या हातात आला कुठून?

अभ्यासक इथं वेगवेगळ्या वाटांनी आले. हॉलंडमधल्या १९४४-४५ च्या उपासमारीत जी मुलं पोटात होती, त्यांच्या प्रकृतीचा मागोवा पुढे कित्येक दशकं घेतला गेला. मनोविश्लेषक सेल्मा फ्रायबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये मनाच्या बाजूनं वेगळं सांगितलं: दाबून टाकलेलं दुःख आई नकळत बाळापर्यंत पोचवते; पण ज्या आईला ते दुःख पुन्हा जाणवू शकतं, ती लेकराला त्यातून वाचवू शकते. मला हे मोलाचं वाटतं, कारण इथं आईला दोषी धरलेलं नाही.

मराठी वाचकानं मात्र दलित लेखिका उर्मिला पवार यांच्या आत्मकथनापासून, ‘आयदान’पासून (२००३), सुरुवात करावी. वडील लवकर गेले. आई बांबूच्या टोपल्या-सुपं विणून घर चालवू लागली. हा माल पोचवायला लहानगी उर्मिला गिऱ्हाइकाच्या दारी जाई, तेव्हा तिला उंबऱ्याबाहेर थांबवत, टोपल्यांवर पाणी शिंपडूनच त्या उचलत आणि पैसे वरून टाकत. आईच्या पोटापाण्याचं काम आणि जातीचा अपमान लेकीला एकाच वेळी मिळाला. पुढे तिनं आपल्या लेखनाचं नातं आईच्या विणण्याशीच जोडलं.

थेरगावाजवळून वाहणाऱ्या पवनेच्या वरच्या अंगाला मावळ आहे, त्याला लागून मुळशी. हेमा राइरकर आणि गी प्वातवाँ यांच्या पुढाकारानं तिथून आणि इतर भागांतून जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा झाल्या. घरात ज्याला तोंड फोडता येत नव्हतं, ते बाई जात्याला सांगे. शेजारी बसलेल्या लेकीच्या कानावर ते आपसूक पडे.

आता जातं नाही, म्हणून विचारावं लागतं. “काय सोसलंस?” या प्रश्नाला आई गप्प बसते. “कामावरून आल्यावर चूल कोण पेटवायचं, मिलोची भाकरी थापता यायची का?” असं विचारलं की ती बोलू लागते. लेकींनी तिथूनच सुरुवात करावी.