कंपॅनियन

कंपॅनियन : अमेरिकन पथकलावंत कॉज (मूळ नाव ब्रायन डॉनेली, जन्म १९७४) यांनी टोकिओतील बाउंटी हंटर या कंपनीच्या सहकार्याने १९९९ मध्ये निर्माण केलेले व्हायनिलचे कलाखेळणे.

उगम : जर्सी सिटीत जन्मलेले कॉज १९९० च्या दशकात न्यूयॉर्कमधील बसथांबे व टेलिफोन बूथ यांवरील जाहिराती काढून नेत, त्यांवर आपली पात्रे रंगवीत आणि त्या पुन्हा जागेवर बसवीत [→ ग्राफिटी]. याच पात्रांपैकी एकाला या सहकार्यातून त्रिमितीय रूप मिळाले. पहिल्या आवृत्तीत ५०० नग निघाले.

वैशिष्ट्ये : उंची सुमारे २० सेंमी.; मिकी माउसच्या धर्तीची चड्डी, हातमोजे व मोठे बूट; कानांच्या जागी हाडांची टोके असलेली कवटी; डोळ्यांच्या ठिकाणी फुल्या. अशी खेळणी घडविण्याच्या जपानी मऊ व्हायनिल पद्धतीत मेणाच्या प्रतिकृतीवर तांब्याचा थर चढवून साचा करतात. त्यात द्रवरूप पीव्हीसी ओतून तापवितात आणि मऊ असतानाच पोकळ भाग ओढून काढतात [→ विद्युत् विलेपन].

महत्त्व : रस्त्यावरील प्रतिमा मर्यादित आवृत्तीच्या संग्राह्य वस्तूत आणण्याच्या प्रथेतील हे प्रारंभीचे, प्रभावी उदाहरण होय. पुढे मेडिकॉम टॉय या खेळणी कंपनीबरोबर कॉज यांनी टोकिओत ओरिजिनलफेक हे दुकान चालविले (२००६–१३). न्यूयॉर्कमधील मेसीज या दुकानाच्या मिरवणुकीत २०१२ मध्ये कंपॅनियनचा महाकाय फुगा होता [→ पॉप कला].