दोन गणेश चतुर्थ्या आणि एक जुना सर्व्हर

आमच्या खडकवासल्याच्या घरात टीव्हीमागे एक जुना डबा घरघरत असतो. त्यावर घरातल्या सगळ्यांचं कॅलेंडर. परवा शनिवारी ते डॉकरच्या कंटेनरमध्ये हलवायला घेतलं. कॅलडॅव्ह हे प्रमाण २००७ चं, नोंदी साध्या मजकुराच्या फायलींत... म्हटलं दोन तासांचं काम!

घोळ माझ्या स्क्रिप्टने केला. एका वर्षात एकाच नावाचा सण दोनदा दिसला की पहिली नोंद उडवायची, असं मीच लिहिलं होतं. त्यात २० ऑगस्ट २०२३ ची 'गणेश चतुर्थी' गेली. कॅलेंडरवर तर १९ सप्टेंबर! पण ऑगस्टवाली मामाकडची होती, आणि तिच्यात आजीने सांगितलेली नैवेद्याची यादी होती. बॅकअप होता म्हणून वाचलो. मामाकडे टिळक पंचांग चालतं, हे मी साफ विसरलो होतो.

एकाच सणात महिन्याचा फरक कसा पडतो? तर हेही एक मायग्रेशनच आहे, अर्धवट राहिलेलं.

१५२० मध्ये कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 'ग्रहलाघव' लिहिलं. मला हा माणूस फार आवडतो. त्यांनी ज्या-कोज्या टाळल्या, दिवसांची मोजणी ११ वर्षांच्या, म्हणजे ४०१६ दिवसांच्या चक्रात बसवली आणि गावोगावच्या जोशांना हाताने गणित करता येईल असं केलं. शतकानुशतकं ते चाललं. पण हळूहळू कागदावरचं आकाश आणि खरं आकाश यांत अंतर पडत गेलं.

१८६५ मध्ये केरो लक्ष्मण छत्र्यांनी नव्या वेधांवर आधारलेलं पंचांग काढलं. आबासाहेब पटवर्धनांचा आश्रय, म्हणून ते पटवर्धनी. गणित चोख. पण त्यांनी एका रिलीजमध्ये दोन बदल केले. चुका तर सुधारल्याच, शिवाय राशिचक्राचा आरंभबिंदूही रेवतीच्या ताऱ्यापाशी नेला. पहिला बदल बगफिक्स. दुसऱ्याने मात्र जुन्या डेटाचा अर्थच बदलतो. बहुतेक घरांनी ग्रहलाघवीच चालू ठेवलं, आणि मला त्यांचा राग येत नाही.

छत्र्यांचे विद्यार्थी टिळक. त्यांनी रेवतीची बाजू उचलून धरली, तेच पुढे टिळक पंचांग. मेघनाद साहांच्या समितीने मात्र चित्रा ताऱ्यावरून मोजायचं ठरवलं आणि २२ मार्च १९५७ पासून सरकारी राष्ट्रीय दिनदर्शिका आली. दोन्ही आरंभबिंदूंत साधारण ४ अंशांचा फरक. सूर्याला तेवढं अंतर कापायला चारेक दिवस लागतात, म्हणजे रेवतीवाल्यांची संक्रांत चार दिवस आधी. अमावास्येपासून अमावास्येपर्यंतच्या ज्या महिन्यात संक्रांत येत नाही तो अधिक. २०२३ मध्ये चित्रावाल्यांचा श्रावण अधिक झाला. रेवतीवाल्यांची सिंह संक्रांत मात्र त्या महिन्याच्या अमावास्येआधीच उरकली होती, त्यामुळे त्यांचा तो साधा, निज श्रावण. पुढचा भाद्रपद आपोआप महिनाभर अलीकडे.

असो. कॅलेंडरच्या प्रमाणात 'दरवर्षी याच तारखेला' सांगता येतं, 'याच तिथीला' सांगता येत नाही. म्हणून आता नव्या सर्व्हरवर दोन वेगळी कॅलेंडरं केली आहेत, 'आपलं' आणि 'मामाकडचं'. रंगही वेगळे. त्या दोन्हींत तिथ्या दरवर्षी पंचांग बघून हातानेच भरायच्या.

जुना डबा अजून बंद केलेला नाही. दोन्हीकडचे गणपती एकदा नव्या सर्व्हरवर नीट दिसू देत, मग बघू.