रोजची भाकर आणि विहिरीचें पाणी

धर्माचें ज्ञान ग्रंथांत असतें, अशी आपणां सुशिक्षितांची समजूत असते. आम्हीही पुष्कळ वर्षें त्याच समजुतींत होतों. इंग्रजी वाङ्मय शिकविणाऱ्याला बायबल वाचल्यावांचून गत्यंतर नसतें. मिल्टन आणि बन्यन यांच्या मागें तोच ग्रंथ उभा आहे. त्यामुळें ख्रिस्ताचे दृष्टांत आम्हांस पाठ होते. पण पाठ असणें आणि समजणें यांत किती अंतर आहे, हें आम्हांस ठाणें जिल्ह्यांतील मुरबाड व शहापूर या दोन तालुक्यांनीं शिकविलें. त्या शिक्षणाची हकीकत आणि तिच्या अनुषंगानें आपल्या इतिहासांतील एक प्रश्न वाचकांपुढें ठेवावा, एवढाच या लेखाचा उद्देश आहे. प्रश्न असा : परक्या भूमींतून आलेला ख्रिस्ती विचार मराठी माणसाच्या घरांत शिरला, तो कोणत्या दारानें?

हे दोन तालुके आज आडवळणाचे वाटतात. पूर्वीं ते तसे नव्हते. मुरबाडच्या पूर्वेस सह्याद्रीच्या भिंतींत नाणेघाट आहे. सातवाहनांच्या काळीं देशावरचा माल या घाटानें उतरून कल्याणच्या बंदराकडे जाई. घाटमाथ्यावरील लेण्याचा शिलालेख अद्याप त्या वैभवाची साक्ष देतो. सहाव्या शतकांत कॉस्मस नांवाच्या ग्रीक लेखकानें ‘कल्लियाना’ येथें ख्रिस्ती मंडळी असून तिचा बिशप इराणांतून नेमलेला असतो, असें लिहून ठेविलें आहे. आणि हें स्थळ म्हणजे आपलें कल्याणच, असें पुष्कळ पंडित मानतात. पुढें १३२१ सालीं ठाणें येथें चार फ्रान्सिस्कन साधूंचा वध झाला. १५३४ सालीं वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं ती जिंकून घेतली. त्या दोनशें वर्षांत किनाऱ्यावर जो ख्रिस्ती समाज वाढला तो वसईच्या आसपास आजही नांदत आहे. परंतु किनारा सोडून आंत, घाटाच्या पायथ्याच्या भातखाचरांपर्यंत, तो विचार त्या काळीं पोंचल्याची फारशी खूण दिसत नाहीं. त्याच्या पाठीशीं कधीं व्यापार होता, कधीं राजसत्ता होती. पण व्यापार बंदरांत थांबतो आणि सत्ता किल्ल्यांत. स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापर्यंत जाण्यास दोघांचेही पाय अपुरे पडतात.

याला एक थोर अपवाद गोमंतकांत घडला. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानें १६१६ सालीं आपलें ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केलें. सुमारें अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ मराठींत आहे, आणि तो रचणाऱ्यानें आपल्या पुराणांची रीति मनापासून आत्मसात केलेली आहे. पण त्यानंतरचीं दोन शतकें मराठींत त्याच्या तोडीचें दुसरें ख्रिस्ती काव्य आम्हांस तरी दिसत नाहीं.

एकोणिसाव्या शतकांत पुन्हां संबंध आला तो वादाच्या रूपानें. १८३१ सालीं मुंबईंत जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा वाद गाजला. १८५७ सालीं विष्णुबावा ब्रह्मचारी यांनीं समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशीं प्रश्नोत्तरें केलीं. दोन्ही पक्षांकडे बुद्धि होती, ग्रंथ होते, तळमळही होती. या वादांनीं मराठी गद्याला धार आली, हा लाभ लहान नव्हे. पण वादाचा एक स्वभाव आहे : त्यांत ऐकणारा कोणीच नसतो; प्रत्येक जण आपली पाळी येण्याची वाट पाहत असतो. आम्हीं बायबल वाचीत होतों तेंही थोडेंबहुत असेंच. आपलें मत तयार ठेवून वाचणें म्हणजे मनांतल्या मनांत वादच करणें होय.

कांहीं वर्षांपूर्वीं विद्यार्थ्यांचें एक शिबिर घेऊन आम्ही मुरबाड तालुक्यांतील एका खेड्यांत गेलों होतों. दिवस ज्येष्ठाचे होते, पाऊस तोंडावर आला होता. संध्याकाळीं ओट्यावर गोष्टी निघाल्या, तेव्हां आम्हीं पेरणाऱ्याचा दृष्टांत सांगितला. एकानें बीं पेरलें. कांहीं वाटेवर पडलें तें पांखरांनीं टिपलें, कांहीं खडकाळ जागीं पडलें तें उगवून करपलें, कांहीं कांट्यांत गुदमरलें, आणि चांगल्या जमिनींत पडलें तेवढें मात्र भरघोस पिकलें. गोष्ट संपतांच एक वृद्ध शेतकरी हंसून म्हणाला, “गुरुजी, त्यो शेतकरी येडा व्हता का? बियानं असं वाटंवर अन् खडकावर कोन टाकतो?”

विद्यार्थी हंसले, आम्ही मात्र निरुत्तर झालों. कारण त्या भागांत भाताचें बीं असें उधळलें जात नाहीं. उन्हाळ्यांत झाडांच्या फांद्या, पाला, शेण आणि गवत जमिनीच्या एका लहान तुकड्यावर पसरून जाळतात. त्याला राब म्हणतात. भाजलेल्या त्या जागेंत बीं पेरतात. रोपें वीतभर वाढलीं म्हणजे तीं उपटून त्यांच्या जुड्या बांधतात, आणि चिखल केलेल्या खाचरांत, कमरेंत वांकून, हातानें तीं पुन्हां लावतात, हीच आवणी. मूठभर बियाण्याचाही तेथें हिशेब असतो. टीकाकारांनीं आम्हांस सांगितलें होतें कीं ख्रिस्ताच्या देशांत बीं हातानें फेंकून पेरीत, म्हणून तें इकडेतिकडे पडे. तें खरेंच आहे. पण त्या म्हाताऱ्यानें आमचें लक्ष जमिनीवरून काढून पेरणाऱ्यावर नेलें. आजवर आम्ही वर्गांत चार प्रकारच्या जमिनींची परीक्षा करीत आलों होतों. आणि, खरें सांगावयाचें तर, विद्यार्थ्यांचीही तशीच करीत आलों होतों : हा खडक, तो कांटेरी, हा तेवढा कसदार. दृष्टांतांतला पेरणारा आधीं परीक्षा करीत नाहीं. शहाण्या शेतकऱ्याला जें वेडेपण वाटेल असें औदार्य तो वाटेवर आणि खडकावरही दाखवितो. ज्याला मूठभर बियाण्याची किंमत ठाऊक आहे त्यालाच त्या उधळण्यांतील आश्चर्य दिसलें. आम्हांस तें तीस वर्षें पुस्तक हातीं असून दिसलें नव्हतें.

दुसरा धडा शहापूर तालुक्यांतील. हा तालुका पाण्याचा आहे. मुंबईसाठीं बांधलेला तानसा तलाव १८९२ सालीं पुरा झाला. पुढें वैतरणा आणि भातसा याही नद्या अडविल्या गेल्या. मुंबईची तहान मोठ्या अंशानें हा परिसर भागवितो. आणि चैत्र-वैशाखांत याच तालुक्याच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहत हंड्यांची रांग लागते. आमच्या तरुणपणीं, माहुलीचा किल्ला उतरून येतांना, अशाच एका पाड्यावर तहानेनें व्याकुळ होऊन आम्हीं पाणी मागितलें. एक बाई विहिरीवरून भरलेला हंडा घेऊन येत होती. ती थांबली, आम्हांस न्याहाळून तिनें विचारलें, “आमच्या हातचं चालंल का?”

आम्ही अर्थातच पाणी प्यालों, आणि आपण मोठें उदार आहों अशा समाधानानें पुढें निघालों. कित्येक वर्षांनीं विहिरीवरील शोमरोनी स्त्रीची कथा शिकवितांना तो प्रसंग आठवला आणि त्या समाधानाची लाज वाटली. त्या कथेंत यहूदी ज्यांच्याशीं व्यवहार ठेवीत नसत अशा समाजांतील एका स्त्रीकडे ख्रिस्त पाणी मागतो. तो भर दुपारीं थकून विहिरीवर बसला आहे. त्याच्यापाशीं पोहरा नाहीं, तिच्यापाशीं आहे. कथेचें बीज आम्हीं ‘त्यानें भेद मानला नाहीं’ असें सांगत असूं. तें अपुरें आहे. त्यानें तिच्याकडे मागितलें, हें खरें बीज. भेद न मानणारा पुष्कळदां वरच उभा राहतो; मागणाऱ्याला खालीं यावें लागतें. शहापूरच्या त्या पाड्यावर तहानलेले आम्ही होतों आणि देणारी ती होती. तरीसुद्धां उपकार आपणच केला असें आम्हांस वाटलें. आणि ज्या बाईच्या मुलखांतील पाणी नळानें आमच्या घरीं येतें तिच्याच हंड्यांतून आम्ही प्यालों, हें तर तेव्हां मनांतही आलें नाहीं.

मुंबई-कल्याणहून नाशिककडे जाणारी वाट याच शहापूर तालुक्यांतून थळघाट चढते. नारायण वामन टिळक बालपणीं कांहीं वर्षें कल्याणास शिकत होते आणि पुढें नाशिकास गणेशशास्त्री लेले यांच्यापाशीं संस्कृत शिकले. १८९३ सालीं आगगाडीच्या प्रवासांत एका परक्या सहप्रवाशानें त्यांना बायबल दिलें, आणि १८९५ च्या फेब्रुवारींत मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. बायबल गाडींत मिळालें हें खरें. परंतु तें समजलें तें तुकोबांच्या संस्कारानें तयार झालेल्या मनाला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों, असें ते स्वतःच म्हणत. त्यांनीं अभंग रचले, कीर्तनें केलीं, आणि १९१७ सालीं ‘देवाचा दरबार’ काढून त्यांत बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा ठेविली. पेरणीनें जें साधलें नव्हतें तें त्यांनीं आवणीनें साधलें : रोप एका मातींत वाढलेलें, तें मुळांसह उचलून आपल्या चिखलांत हातानें लाविलें.

पण आवणी झालेलें पीक घरांत कसें येतें, हें पाहावयाचें तर लक्ष्मीबाईंकडेच गेलें पाहिजे. त्यांचे वडील सोवळ्याचे इतके कडक कीं मीठसुद्धां धुऊन घेत. अशा घरांत वाढलेल्या आणि अकराव्या वर्षीं लग्न झालेल्या या स्त्रीवर पतीच्या धर्मांतराचा आघात झाला. पुढें पतीजवळ राहावयास आल्यावरही त्यांनीं आपलें सोवळें आणि आपला स्वयंपाक वेगळा ठेविला. आणि टिळकांनीं त्यांच्यावर जबरदस्ती केली नाहीं. एवढे मोठे वक्ते, पण घरांत त्यांनीं वाद जिंकण्याचा प्रयत्न केला नाहीं, ही गोष्ट आम्हांस त्यांच्या काव्यापेक्षांही मोठी वाटते. जातिभेद देवानें केला कीं माणसांनीं, याचा निर्णय अखेर लक्ष्मीबाईंनीं आपल्याच विचारानें केला आणि कोणाच्याही हातचें खाण्यापिण्याचें ठरविलें. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. म्हणजे आधीं पाणी बदललें, मग धर्म. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रें’ या त्यांच्या आत्मकथेंत तत्त्वज्ञान शोधूं जाणारा निराश होईल. तेथें आहेत चुली, भांडीं, भाडेकरू, आजारपणें, पतीचा विसरभोळेपणा आणि त्यावरचें हसूं. तरीसुद्धां क्षमा म्हणजे काय, शेजारी म्हणजे कोण, हें मराठींत इतक्या साधेपणानें दुसऱ्या कोणत्या ख्रिस्ती ग्रंथानें सांगितलें आहे, असें आम्हांस आठवत नाहीं.

शेवटीं एका शब्दाविषयीं. ख्रिस्तानें शिकविलेल्या प्रार्थनेंत रोजच्या अन्नाची मागणी आहे. मराठी भाषांतरकारांनीं तेथें ‘भाकर’ हा शब्द घातला. पॅलेस्टाईनची भाकर गव्हाची किंवा जवाची, मुरबाडची तांदळाची किंवा नागलीची. पण शब्द चुलीवरून उचललेला आहे, म्हणून तो टिकला. आम्ही महिन्याच्या पगारावर जगणारे, घरांत धान्य भरून ठेवणारे. त्या प्रार्थनेंतील ‘रोजची’ हा शब्द आम्हांस केवळ काव्य वाटे. ठाणें जिल्ह्यांतील कित्येक कातकरी कुटुंबें सुगी संपली कीं उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात. उद्यांची मजुरी ज्यांनीं आधींच खाल्लेली असते, त्यांना ‘रोजची’ म्हणजे काय, हें कोणी समजावून सांगावें लागत नाहीं. शिवाय ती मागणी ‘माझी’ भाकर मागत नाहीं, ‘आमची’ मागते. त्या ‘आमची’मध्यें भट्टीवरचा मजूर आणि विहिरीवरची बाई येतात कीं नाहीं, एवढ्या एका प्रश्नावर आपल्या साऱ्या वाचनाची परीक्षा आहे.

तेव्हां तो विचार कोणत्या दारानें आला, या प्रश्नाला आमचें उत्तर हें : तो बंदराच्या दारानें आला आणि तेथेंच थांबला, वादाच्या दारानें आला आणि उंबऱ्यावरून परतला, चुलीच्या आणि पाणवठ्याच्या दारानें आला तेव्हां घरचा झाला. आमच्यापुरतें सांगावयाचें तर त्या पाड्यावरील बाईच्या प्रश्नाला आम्हीं पाणी पिऊन उत्तर दिलें, पण तें चुकीचें दिलें. आज ती भेटली तर, “चालेल का, हें आम्हीं विचारावयाचें, बाई, तुमच्या पाण्यावरच आमची मुंबई जगते,” एवढें तरी तिला सांगावेंसें वाटतें.