तळटीप ३ : चायना गवत
३. नावावरून खानदेशी वाचकास हा एखादा चारा वाटण्याचा संभव आहे. परंतु जळगाव-धुळ्याच्या किराणा दुकानांत पांढुरक्या, सुरकुतलेल्या पट्ट्यांच्या जुडीने मिळणारा हा जिन्नस गवत नसून, जेलिडियम, ग्रासिलारिया इत्यादी तांबडी समुद्रशैवले पाण्यात उकळून, निघालेला रस गोठवून व वाळवून केलेला आगर होय. ही कृती मूळची जपानची, सतराव्या शतकातील. हिंदुस्थानात अशी शैवले तामिळनाडूकडील मन्नारच्या आखातात सापडतात. दुधात उकळताना पट्ट्या हळूहळू विरतात, आणि भांडे उतरवून निवत ठेवले की बर्फावाचूनही दूध थिजून त्याच्या वड्या पडतात, कारण सुमारे ८५ अंश सेल्सियसला वितळणारा आगर ४० अंशांच्या आसपास घट्ट होतो. या गुणामुळेच, फॅनी हेसे या गृहिणीच्या सूचनेवरून, १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जंतुवर्धनासाठी त्याचा उपयोग सुरू झाला. आगर बहुतांशी पचत नाही. आतड्यात पाणी धरून फुगतो, म्हणून सौम्य सारक ठरतो. तेव्हा मजकुरातील ‘शक्तिवर्धक’ हे विशेषण आगरास नव्हे, दुधास लागू समजावे. आणि कोरडा आगर पुरेशा पाण्यावाचून कोणी गिळू नये, तो घशात अडकतो.