स्टार्टअपला पैसा देणारे नेमकं काय बघतात? समजून घ्या 'व्हेंचर कॅपिटल'चा हिशोब

शार्क टँक इंडियाच्या पहिल्या पर्वात मालेगावकडचा 'जुगाडू कमलेश' आपली फवारणीची गाडी घेऊन उभा राहिला आणि ती क्लिप गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरली. पीयूष बन्सल यांनी ४० टक्के हिश्श्यासाठी १० लाख रुपये आणि वर २० लाखांचं बिनव्याजी कर्ज देऊ केलं. क्लिप सगळ्यांनी बघितली, हिशोब मात्र थोड्यांनीच केला. १० लाखाला ४० टक्के, म्हणजे अख्ख्या धंद्याची किंमत धरली २५ लाख. कर्जाचे २० लाख परत करायचे असतात. ते १० लाख परत करायचे नसतात, पण त्यांच्या बदल्यात मालकी जाते.

कर्ज आणि भांडवल यातला फरक एवढाच आहे. बँक म्हणते, हप्ता भर आणि मोकळा हो. भांडवल देणारा म्हणतो, तू बुडालास तर माझे पण बुडाले, पण वर गेलास तर तुझ्यासोबत मीही वर.

पैसा कोणाचा असतो?

टीव्हीवरचे शार्क स्वतःच्या खिशातून पैसे घालतात. व्हेंचर कॅपिटल फंड, म्हणजे साहस भांडवल फंड, मात्र दुसऱ्यांचा पैसा चालवतो. विमा कंपन्या, मोठी संस्थानं, श्रीमंत घराणी यांच्याकडून तो रक्कम गोळा करतो आणि साधारण १० वर्षांत ती वाढवून परत देण्याचा शब्द देतो. पुढचं सगळं वागणं या मुदतीतून येतं.

समजा १०० कोटींचा फंड आहे. त्याने २० कंपन्यांत ५-५ कोटी घातले. त्यातल्या निम्म्या बंद पडणार हे त्याने धरलेलंच असतं. काही जेमतेम मुद्दल देतील. उरलेल्या दोन-तीन कंपन्यांनी सगळ्यांचं भरून काढायचं. म्हणून "वर्षाला २० लाख नक्की सुटतात" असं सांगणाऱ्याला तिथे नकार मिळतो आणि "आज तोटा आहे, पण देशभर जाता येईल" म्हणणाऱ्याला चहा विचारला जातो. आपल्याकडे हे उलटं वाटतं, पण त्यांच्या जागेवरून बघितलं तर बरोबर आहे. फ्लिपकार्टमध्ये ॲक्सेल या फंडाने सुरुवातीला साधारण १० लाख डॉलर घातले होते. २०१८ साली वॉलमार्टने त्याच कंपनीचा ७७ टक्के हिस्सा १६०० कोटी डॉलरला घेतला. असा एक दाणा उगवला की बाकीचं रान करपलं तरी चालतं.

पहिला प्रश्न: बाजार किती मोठा?

वस्तू चांगली आहे का, हे नंतर. आधी ती घेणारे किती, हे बघतात. एका तालुक्यातल्या डाळिंबालाच लागू पडणारं यंत्र कितीही भारी असो, फंडाला ते छोटं पडतं. तेच कापूस, सोयाबीन, मका सगळ्यांना चालत असेल तर खुर्ची पुढे सरकते.

दुसरा प्रश्न, हे आत्ताच का? पुण्याची ॲग्रोस्टार कंपनी २०१३ च्या सुमारास शेतकऱ्याच्या मिस्ड कॉलवर बियाणं-औषधं पुरवायला लागली, कारण तेव्हा फोन हातोहाती होता पण इंटरनेट महाग होतं. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, यूपीआय आलं, मग तोच धंदा ॲपवर गेला. २०२१ च्या शेवटी या कंपनीत ७ कोटी डॉलर आले. बाजाराचा कल ओळखणं म्हणतात ते हेच. लोकांच्या हातात नवीन काय आलं आणि त्यामुळे काल न होणारं काय आज होऊ शकतं, हे बघायचं.

कल उलटाही फिरतो. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांदा निर्यात बंद केली, ती मे २०२४ मध्ये उठली. निर्यातीवर उभ्या असलेल्या धंद्यात पैसा घालणारा अशा वेळी पहिलं विचारतो, सरकारने एका रात्रीत दार लावलं तर तुझं काय? नाशिकच्या शेतकऱ्याला हा प्रश्न कोणी शिकवायची गरज नाही.

दुसरा प्रश्न: एका ऑर्डरमागे काय उरतं?

इथे बरीच पोरं अडकतात. समजा एकाने गावचा भाजीपाला थेट शहरातल्या सोसायट्यांत द्यायला सुरुवात केली. ऑर्डर ४०० रुपयांची. शेतकऱ्याला २२०, पॅकिंग २०, गाडी आणि पोचवणारा ९०, सडका माल ३०, ग्राहक ओढायला सूट ६०. बेरीज ४२०. म्हणजे दर ऑर्डरला २० रुपये खिशातून. रोज हजार ऑर्डर झाल्या तर "धंदा जोरात" दिसतो आणि रोज २० हजारांचा खड्डा पडतो.

गुंतवणूकदार मग ६० रुपयांच्या सुटीवर बोट ठेवतो. ती बंद केली तर किती गिऱ्हाईक टिकेल? बहुतेक जण टिकले तर ऑर्डरमागे ४० रुपये उरतात आणि मोठं करण्यात अर्थ आहे. सगळे पळाले तर तो धंदा नव्हता, सूट वाटप होतं. म्हणून एकूण डाउनलोडपेक्षा तेच गिऱ्हाईक पुन्हा किती वेळा आलं, हे तपासतात. बँकेत किती आणि महिन्याला किती जळतात, हेही. ६० लाख शिल्लक आणि महिना ५ लाख तोटा असेल तर हातात १२ महिने.

माणसं आणि कागद

सुरुवातीला दाखवायला आकडे नसतात, तेव्हा माणसंच बघतात. या धंद्यातलं त्यांना किती कळतं, भांडण झालं तर कोण सावरतो. धंदा दोन मित्रांचा आणि कागदावर एकाच्या वडिलांचं नाव, असं असलं की बोलणी तिथेच थांबतात. एकट्याच्या नावावरच्या दुकानाचे शेअर निघत नाहीत, कंपनी लागते. जीएसटी विवरण, बँक स्टेटमेंट, करारपत्रं सगळं तपासलं जातं.

शेतकरी उत्पादक कंपनीचे शेअर तर बाहेरच्या गुंतवणूकदाराला देताच येत नाहीत, सभासद उत्पादकच लागतो. मोहाडीच्या (ता. दिंडोरी) सह्याद्री फार्म्सने २०२२ मध्ये युरोपातल्या गुंतवणूकदारांकडून ३१० कोटी आणले, ते तिच्या उपकंपनीत. आणि ते पैसे देणारे सामाजिक परिणामही मोजणारे होते, निव्वळ व्हेंचर फंड नव्हते.

सही करण्याआधी

दर फेरीत २० टक्के दिले तर संस्थापकाचे १०० चे ८०, मग ६४, मग ५१ होतात. शिवाय बहुतेक करारांत असं कलम असतं की कंपनी विकली तर आधी गुंतवणूकदाराची रक्कम सुटणार. ५ कोटी घेतले आणि कंपनी ६ कोटीला गेली, तर राबणाऱ्याच्या वाट्याला उरलेला एकच कोटी. वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको.

डाळ मिल, गूळ, गोठा, पोल्ट्री असे धंदे चांगले चालतात, पण शंभरपट होत नाहीत. त्यांना हा पैसा जुळत नाही. त्यांच्यासाठी मुद्रा कर्ज किंवा पीएमईजीपी आहे. जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करता येते.

एक सावधगिरी

"व्हेंचर फंडात १० हजार टाका, सहा महिन्यांत डबल" असे मेसेज येतात. सेबीच्या नियमाप्रमाणे हे फंड पर्यायी गुंतवणूक निधी म्हणून नोंदवावे लागतात आणि त्यात एका गुंतवणूकदाराला साधारणपणे किमान १ कोटी घालावे लागतात. १० हजार घेणारा फंड या नियमात बसत नाही. नोंदणी सेबीच्या वेबसाइटवर नावानिशी बघता येते. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करायचा, जितका उशीर तितकी रक्कम पुढच्या खात्यांत सरकते.